खारटबाई आणि मिटलेलं प्रवाळ

गिऱ्हाईक दुकानात शिरलं, खिशातून फोन काढला, त्यावरचा फोटो खारटबाईंच्या नाकासमोर धरला आणि विचारलं, "बाई, हे काय आहे?"

बाईंनी हातातला लांब चिमटा खालीसुद्धा ठेवला नाही. फोटोकडे एकदा पाहिलं. निळ्याशार उजेडात काहीतरी हिरवट फुललेलं दिसत होतं.

"हा फोन आहे," बाई म्हणाल्या.

"नाही, म्हणजे फोटोत..."

"फोटोत निळा दिवा आहे. त्या दिव्याखाली माझं नाकसुद्धा हिरवंगार दिसेल. घरी जा, दिवा पांढरा करा, प्रवाळ पूर्ण उघडू दे, मग जवळून फोटो काढा. मग या."

गिऱ्हाईक गेलं. कान लाल करून गेलं. बाईंना त्याचं काही वाटलं नाही. असली गिऱ्हाइकं परत येतात, हा त्यांचा अनुभव होता, कारण आसपास खाऱ्या पाण्याच्या टाक्यांचं दुसरं धड दुकानच नव्हतं.

खारटबाई हे नाव कुणी पाडलं ते माहीत नाही, पण ते चिकटलं. दुकानातल्या प्रत्येक वस्तूवर मिठाचा पांढरा थर होता. बिजागऱ्यांवर, खुर्चीच्या हातांवर, बाईंच्या चष्म्याच्या दांड्यांवर. बोटांना चिरा पडलेल्या होत्या. आणि जिभेचं तर विचारूच नका. नाव त्यांच्या कानावर आलं तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "अळणी म्हटलं नाही ना, मग ठीक आहे."

दुकान अरुंद होतं, बोळासारखं. दोन्ही बाजूंना टाक्यांच्या रांगा, मधून एक माणूस जेमतेम जाईल एवढी वाट. पंप दिवसभर गुरगुरायचे. बाई मासेही विकायच्या, पण मनातून मासे त्यांना उथळ वाटायचे. त्यांचा खरा जीव मोठ्या पॉलिपच्या प्रवाळांवर. वर मऊ, फुगीर मांस आणि खाली चुन्याचा कडक सांगाडा असे हे जीव. पॉलिप म्हणजे त्यातला एकेक प्राणी, मधे तोंड आणि भोवती बोटांसारखे डुलणारे हात. यांतले बरेचसे एकमेकांसारखे दिसतात. इतके, की विकणारे आणि विकत घेणारे मिळून वाटेल ते नाव देतात आणि दोघंही खूश असतात. बाईंना चीड होती ती नेमकी याच खुशीची.

त्या हे शिकल्या कशा, तर मेलेल्यांकडून. लग्नानंतर त्या याच दुकानात टाक्या पुसायला लागल्या होत्या. तेव्हाचा मालक, एक जाडजूड म्हातारा, सगळ्याच प्रवाळांना 'समुद्रफूल' म्हणून विकायचा. निम्मा माल आठवड्याभरात मरायचा. मालक तो कचऱ्यात टाकायचा, बाई तो उचलून घरी न्यायच्या, ब्रशने घासून, धुऊन सांगाडा मोकळा करायच्या आणि खिडकीत वाळत ठेवायच्या. पुढे म्हाताऱ्याने कंटाळून दुकान त्यांच्या गळ्यात मारलं, तोवर खिडकी भरून कपाटही भरलं होतं. "जिवंतपणी सगळेच फुगून बसतात," बाई म्हणायच्या. "मेल्यावर कळतं कोण कोण होतं ते."

"हे माणसांबद्दल की प्रवाळांबद्दल?" त्यांचा नवरा विचारायचा. तो नळकाम करणारा माणूस. दुकानातला प्रत्येक पाइप त्याने जोडलेला, आणि प्रत्येक गळतीबद्दल बोलणीही त्यानेच खाल्लेली.

"तुम्हाला काय वाटतं?" बाई म्हणायच्या. तो मान डोलवून पुन्हा पाइपाखाली शिरायचा.

त्यांची मुलगी रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला होती. एका संध्याकाळी जेवताना ती म्हणाली, "आई, मला एक मुलगा आवडलाय. तुझ्याच क्षेत्रातला आहे."

बाईंनी ताटावरून मान वर केली. "माझ्या क्षेत्रातला? म्हणजे दुकानदार?"

"नाही. व्हिडिओ करतो. प्रवाळं ओळखून दाखवतो. बघतात लोक खूप."

मुलीने फोन पुढे केला. पडद्यावर एक तरतरीत तरुण उभा होता, केस वर उभारलेले, आवाज असा की शेजारच्या खोलीत नवऱ्याने रेडिओ बंद केला. "मित्रांनो! पंधरा सेकंदांत पाच प्रवाळं! चला!" आणि तो बोट नाचवत सुटला. हे हॅमर, हे टॉर्च, हे अल्विओपोरा.

बाईंच्या हातातला चमचा ताटात पडला.

ज्याला तो हॅमर म्हणत होता ते टॉर्च होतं. हॅमरच्या बोटांची टोकं हातोडीसारखी आडवी असतात. टॉर्चचं बोट सरळसोट असतं आणि टोकाला एक गोल ठिपका. आंधळ्यालाही हात लावून कळावं. आणि ज्याला तो अल्विओपोरा म्हणत होता ते गोनिओपोरा होतं. दोन्ही फुलांच्या गुच्छासारखी दिसतात खरी, पण अल्विओपोराच्या प्रत्येक पॉलिपला बारा बोटं असतात आणि गोनिओपोराला चोवीस. मोजायला अक्कल लागत नाही, फक्त डोळे आणि थोडा दम लागतो. या मुलाकडे दम तेवढा नव्हता. वर त्याने एका साध्या तपकिरी टॉर्चला 'सोनेरी सम्राट' असं नाव ठेवलं होतं.

"हा भोंगा," बाई म्हणाल्या, "याच्याशी तू लग्न करणार?"

"आई, तो स्वभावाने चांगला आहे गं."

"स्वभावाने गोनिओपोरासुद्धा चांगलं असतं. म्हणून त्याला काय अल्विओपोरा म्हणायचं?"

ही नुसती कुजकट जीभ नव्हती. त्याच महिन्यात एक निवृत्त पोस्टमास्तर दुकानात येऊन अक्षरशः रडून गेले होते. त्यांच्या टाकीत मोठं जुनं हॅमर होतं, बायको गेल्यापासून तेच सोबतीला. त्यांनी एक नवं प्रवाळ आणलं, याच भोंग्याच्या व्हिडिओत पाहून तेही हॅमरच समजले आणि जुन्याला खेटून ठेवलं. हॅमरशेजारी हॅमर चालतं. पण ते टॉर्च होतं, आणि टॉर्चचा डंख हॅमरला सोसत नाही. जुन्याचं मांस झडत झडत गेलं आणि शेवटी पांढरा सांगाडा उरला. मास्तर तो रुमालात गुंडाळून घेऊन आले होते. बाईंनी तो धुऊन दिला. त्या दिवशी त्यांनी मास्तरांना एकही टोमणा मारला नाही, यावरून काय ते समजावं.

तर असा हा भोंगा एका रविवारी दुकानात आला. काठीला फोन लावलेला, कपाळावर गॉगल, हातात फुलं. फुलं बाईंनी घेतली आणि मिठाच्या पोत्यावर ठेवली.

"नमस्कार आई! मी..."

"मी तुमची आई नाही. बाई म्हणा."

"हो, बाई. मी रेकॉर्ड केलं तर चालेल ना?"

"करा. पुढे उपयोगी पडेल."

मुलगी दारात उभी राहून ओठ चावत होती. बाई त्याला सरळ डावीकडच्या तिसऱ्या टाकीपाशी घेऊन गेल्या. "हे काय आहे?"

"अल्विओपोरा!" तो तिथेही ओरडला. टाकीतला एक मासा दगडामागे पळाला.

"मोजा."

"काय?"

"बोटं. एका पॉलिपची. मोजा मोठ्याने, नाहीतरी हळू तुम्हाला जमत नाही."

तो वाकला, नाक काचेला लावलं आणि मोजू लागला. बोटं पाण्यात डुलत होती, त्यामुळे एकदा नवावर चुकला, एकदा सतरावर. बाई हाताची घडी घालून उभ्या होत्या. शेवटी तो चोवीसवर पोहोचला आणि गप्प झाला. तो गप्प झालेला मुलीनेही पहिल्यांदाच पाहिला असावा.

"अल्विओपोराला किती असतात?"

"किती?"

"बारा. तुमचं निम्मंच बरोबर होतं."

एवढ्यावर थांबल्या असत्या तर बरं झालं असतं. पण इतक्या दिवसांचा राग साठला होता. बाईंनी त्याला पुढच्या टाकीपाशी नेलं. दोन गोल, मधमाशीच्या पोळ्यासारखी प्रवाळं. एकात प्रत्येक घराची भिंत वेगळी, दोन घरांच्या मधे बारीक फट. दुसऱ्यात शेजाऱ्याशेजाऱ्यांची भिंत एकच. पहिलं फेव्हिया, दुसरं फेव्हाइट्स. त्याने उलटं सांगितलं. मग टॉर्चला पुन्हा हॅमर म्हणाला. मग घाबरून हॅमरलाच टॉर्च म्हणाला. "शाळेत काय शिकलात?" बाईंनी विचारलं. "सोनेरी सम्राटाचा दरबार?" त्याचा चेहरा पडला होता, पण काठीवरचा फोन चालूच होता. बंद करायचं त्याला सुचलंच नसावं, असं बाईंना वाटलं.

आणि मग बाईंनी जी अक्कल पाजळली ती तशी पाजळायला नको होती.

सकाळीच नवीन माल आला होता. एक फांद्यांचं प्रवाळ पिशवीतून काढून नुकतंच टाकीत ठेवलेलं, प्रवासाने गळाठलेलं, बोटं पार आत ओढून घट्ट मिटलेलं. वरून दिसत होता तो फक्त तपकिरी मांसाचा गोळा आणि खाली सांगाडा.

"हे बघा," बाई म्हणाल्या. "हे हॅमर. उघडल्यावर कुणीही सांगेल. मिटलेलं असताना ओळखतो तो खरा जाणकार."

"कशावरून ओळखलं, बाई?" भोंग्याने विचारलं. खरंच विचारलं, खालच्या आवाजात.

"इतकी वर्षं बघतेय त्यावरून," बाई म्हणाल्या आणि प्लास्टिकच्या पट्टीवर ठसठशीत अक्षरांत 'हॅमर' लिहून पट्टी टाकीला चिकटवली.

आता हॅमर आणि फ्रॉगस्पॉन या दोघांचे सांगाडे सारखेच असतात. फरक फक्त बोटांच्या टोकांत. फ्रॉगस्पॉनच्या बोटांना फाटे फुटतात आणि त्यावर बेडकाच्या अंड्यांसारखे गोळे असतात. बोटं आत असताना दोघांत डावं-उजवं करता येत नाही, हे बाईंनी स्वतः कितीतरी गिऱ्हाइकांना सुनावलं होतं. पण समोर तो पडलेला चेहरा होता, दारात लेक होती, आणि बाईंचे पाय जमिनीवर टेकत नव्हते.

भोंगा गेला. मुलगी त्याच्यामागे गेली आणि घरी आल्यावर आईशी बोलली नाही. तीन मोठ्ठ्या खोल्यांचं घर असतं तर ते अबोला वगैरे शोभलं असतं. यांचं घर एवढंसं, त्यामुळे तिला न बोलता दर वेळी आईला ओलांडूनच जावं लागायचं.

दुसऱ्या दिवशी बाईंनी दुकान उघडलं, दिवे लागले, आणि त्या टाकीसमोर जागच्या जागी उभ्या राहिल्या. प्रवाळ उघडलं होतं. लांब, हिरवट बोटं, प्रत्येकाला फाटे, फाट्यांवर गोळे. फ्रॉगस्पॉन. इतकं धडधडीत फ्रॉगस्पॉन की पोस्टमास्तरांनीही लांबून ओळखलं असतं. आणि खाली ठसठशीत अक्षरांत पट्टी.

बाईंनी नखाने पट्टी उचकटायला घेतली. ती अर्धी निघाली तोच मागून आवाज आला, "बाई, माझी काठी राहिली होती."

भोंगा दारात उभा होता. काठी मिठाच्या पोत्याला टेकून होती, त्याच्या सुकलेल्या फुलांशेजारी. त्याने काठी घेतली. फोन लावला. सवयीने तो चालू करून टाकीवरून फिरवला. प्रवाळ पाहिलं, अर्धी निघालेली पट्टी पाहिली, बाईंचं नख पाहिलं. मग म्हणाला, "येतो," आणि गेला.

बाईंना दिवसभर पाणी गोड लागलं नाही. आता हा कार्टा चारचौघांत आपल्याला तोंडघशी पाडणार. पाडू दे. आपण त्याची साल काढली, तो आपली काढेल. यात निदान हिशोब तरी सरळ होता.

व्हिडिओ आला. त्याने स्वतःच मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'खारटबाईंनी माझी फजिती केली'. त्यात तो चोवीसपर्यंत मोजत होता. नवावर चुकला तेही होतं, सतरावर चुकला तेही. फेव्हिया, फेव्हाइट्स, सोनेरी सम्राटाचा दरबार, सगळं. लोक पोट धरधरून हसले. मिटलेल्या प्रवाळाचा भाग त्यात नव्हता.

बाईंनी तो व्हिडिओ पुन्हा पाहिला. मग पुन्हा. नवरा वाकून म्हणाला, "अगं, काय शोधतेस?"

"काही नाही. माझा आवाज किती किरटा आहे ते ऐकतेय."

"तेवढ्यासाठी फोन कशाला?" तो म्हणाला आणि लगेच बाहेर गेला, हे त्याने शहाणपणाचं केलं.

त्यानंतर दुकानात जी गर्दी उसळली ती बाईंनी जन्मात पाहिली नव्हती. बरं, ही माणसं प्रवाळं घ्यायला येत नव्हती. अपमान करून घ्यायला येत होती. "बाई, मला पण काहीतरी बोला ना!" एक जाडा गृहस्थ फोन धरून म्हणाला. एका जोडप्याने तर मुद्दाम गोनिओपोराकडे बोट दाखवून "अल्विओपोरा!" असं म्हटलं आणि हसू दाबत वाट पाहिली. बाई इतकी वर्षं लोकांना मनापासून बोलत आल्या होत्या. हुकमावर बोलणं त्यांना जमेना. त्या गप्प राहिल्या की लोक त्या शांततेलाही हसायचे. काही जण जाताना लाजेकाजेस्तव एखादा मासा घेऊन जायचे आणि बाईंना त्या माशाची कीव यायची.

"लोकांना डोकं नाही," बाई घरी म्हणाल्या.

मुलीने अखेर तोंड उघडलं. "त्यांना डोकं नाही, पण त्याला आहे. त्याने तो भाग काढून टाकला."

"कोणता भाग?"

"तुला माहितेय कोणता. त्याने मला दाखवला. पट्टी आणि फ्रॉगस्पॉन. मी म्हटलं टाक, आईची चांगली जिरेल. तो नको म्हणाला."

बाई उठून उभ्या राहिल्या. तोंडघशी पाडलं असतं तर त्यांनी सोसलं असतं. पण हे! ज्याला हॅमर आणि टॉर्च कळत नाही त्या भोंग्याने त्यांना सांभाळून घेतलं होतं. त्यांच्यावर दया केली होती. "बोलव त्याला," त्या म्हणाल्या. "उद्याच बोलव."

तो आला. या वेळी फुलं नव्हती, गॉगलही नव्हता.

"का काढलंस?" बाईंनी विचारलं. अहो-जाहो रागाच्या भरात कधी गळून पडलं ते त्यांनाही कळलं नाही.

"काय सांगू, बाई," तो म्हणाला. "मी चुकलो तर लोक हसतात आणि विसरतात. माझं कामच ते आहे. तुम्ही चुकलात तर ते तुमच्याकडून शिकणार नाहीत."

"आणि तू शिकलास?"

"तुमच्याकडून?" तो टाकीकडे बघून म्हणाला. "मी आता मोजतो."

बाईंना त्याचा संताप आला. चांगलं बोलत होता म्हणून जास्तच आला. "फोन काढ," त्या म्हणाल्या. "काठीला लाव. आणि ओरडू नकोस."

त्या टाकीसमोर उभ्या राहिल्या. निळा दिवा बंद करून पांढरा लावला. मग फोनकडे बघून सरळ सांगितलं, "हे मिटलेलं असताना मी याला हॅमर म्हटलं. हे फ्रॉगस्पॉन आहे. मिटलेलं असताना या दोघांतला फरक कुणालाच सांगता येत नाही. जो सांगतो तो थापा मारतो. त्या दिवशी मीही मारली. उघडेपर्यंत थांबावं, आणि थांबायचं नसेल तर गप्प बसावं." एवढं बोलून त्यांनी चिमटा उचलला आणि कामाला लागल्या.

 भोंग्याने तो व्हिडिओ जसाच्या तसा टाकला.

तो कुणी पाहिला नाही. म्हणजे मुलीने पाहिला, नवऱ्याने पाहिला, पोस्टमास्तरांनी पाहून फोन केला. बाकी लोकांनी सुरुवातीलाच अंगठ्याने वर ढकलला. 'शिव्या कुठेत?' असं कुणीतरी खाली लिहिलं होतं. इतक्या वर्षांत बाईंनी सांगितलेली सगळ्यात कामाची गोष्ट ती, आणि तिला कुत्रं विचारीना. हळूहळू दुकानातली गर्दीही ओसरली. दुसरीकडे कुठे तरी एक चिडका न्हावी प्रसिद्ध झाला होता, लोक तिकडे गेले. बाईंना हायसं वाटलं, आणि हायसं वाटलं म्हणून स्वतःचाच थोडा रागही आला.

लग्न झालं. कचेरीत सह्या, दोन हार, चहा. सही करताना बाईंनी जावयाकडे असं पाहिलं, की नोंदणी करणाऱ्या साहेबांनी विचारलं, "बाई, तुमची संमती आहे ना?"

"मुलीची आहे," बाई म्हणाल्या. "माझं कोण ऐकतंय?"

जावई स्वभावाने चांगला निघाला. हे बाईंना मान्य करावं लागलं, अर्थात मनातल्या मनात. रविवारी तो दुकानात येतो, पाण्याचे कॅन उचलतो, सासऱ्यासोबत पाइपाखाली शिरतो. दोघं तिथे खाली काय कुजबुजतात कळत नाही, पण अधूनमधून हसतात. नवीन माल आला की तो टाकीला नाक लावून ओठ हलवत मोजत बसतो. बारा आणि चोवीस त्याला आता येतं. हॅमर आणि टॉर्चचा अजून भरवसा नाही.

प्रवाळांचे व्हिडिओ त्याने सोडून दिले. "बाईंसमोर नाही जमत," असं त्याने बायकोला सांगितलं. आता तो मांजरांच्या जाती ओळखून दाखवतो. पंधरा सेकंदांत पाच मांजरं, तेच ओरडणं, तेच बोट नाचवणं. लोक बघतात, खूप बघतात. बाईही बघतात, दुकान बंद केल्यावर, चष्मा पुसून, काचेवरचं मीठ नखाने काढत. मांजरांतलं त्यांना काडीइतकंही कळत नाही. पण तो चुकतोय, एवढी मात्र त्यांची खात्री आहे.